अमेरिकेतल्या ख्रिश्चन कॉलेजात अर्ज करताना स्वतःचा धर्म काय लिहावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही खानापूर तालुक्यातले, दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीला, शिकणारे, घरात वारकरी परंपरा, पदवीसाठी अमेरिकेतल्या ख्रिश्चन कॉलेजांत अर्ज करण्याचा विचार आहे. एका एजंटाने "ख्रिश्चन असल्याचे लिहा, स्कॉलरशिप लवकर सुटते" असा सल्ला दिला आहे आणि आजी म्हणते की तिथे नेऊन पोराला बाटवतील. मी निपाणीचा आहे, घरी माळकरी वातावरण होते आणि मिशिगन राज्यातल्या, प्रोटेस्टंट पंथाच्या रिफॉर्म्ड परंपरेतल्या एका कॉलेजात चार वर्षे शिकून आलो आहे, म्हणून उत्तर लिहीत आहे.

एजंटाचा सल्ला मानू नका. अर्जाच्या शेवटी सर्व माहिती खरी असल्याच्या निवेदनावर तुम्ही स्वतः सही करता आणि पुढे खोटेपणा उघड झाला, तर दिलेला प्रवेश काढून घेण्याचा अधिकार कॉलेजला असतो. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा सल्ला कच्चा आहे. ज्या कॉलेजांना अर्जदाराच्या ख्रिस्ती श्रद्धेशी कर्तव्य असते, ती एका शब्दावर समाधान मानत नाहीत. कोणत्या चर्चला जाता, किती वर्षे जाता हे विचारतात, पाळकाचे शिफारसपत्र मागतात आणि श्रद्धेविषयी निबंध लिहून घेतात. ज्या कॉलेजांना कर्तव्य नसते, तिथे खोटे लिहून काहीही पदरात पडत नाही. म्हणजे खोट्याचा उपयोग होईल अशी जागाच मधे उरत नाही.

तेव्हा आधी कॉलेज कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखावे. "ख्रिश्चन कॉलेज" या एका नावाखाली फार वेगवेगळ्या संस्था मोडतात. इंडियानातले नोत्र दाम विद्यापीठ कॅथलिक आहे, वॉशिंग्टनमधले जॉर्जटाउन जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी स्थापन केलेले आहे, आणि तिथे सर्व धर्मांचे विद्यार्थी शिकतात. ईश्वरशास्त्राचे काही विषय मात्र सर्वांना घ्यावे लागतात. आपल्या बेळगावच्या कॅम्पातले सेंट पॉल्स हायस्कूलही जेझुइटांचेच आहे, 1856 सालचे, आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या किती मुलांच्या घरी गणपती बसतो हे तुम्हाला सांगायला नको. टेक्सासमधले बेलर विद्यापीठ बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे आहे. तिथे पदवीच्या विद्यार्थ्याला दोन सत्रे चॅपल, म्हणजे सामुदायिक प्रार्थनासभा, पूर्ण करावी लागते. मिशिगनमधल्या कॅल्विन विद्यापीठात आणि होप कॉलेजात विद्यार्थ्याकडून श्रद्धेच्या निवेदनावर सही घेतली जात नाही. दुसऱ्या टोकाला इलिनॉयमधले व्हीटन कॉलेज आहे. तिथे अर्जदार स्वतः ख्रिस्ती श्रद्धा मानणारा असावा अशी अपेक्षा असते आणि आचरणाविषयीचा करार प्रत्येकाला मान्य करावा लागतो. व्हीटन चांगले कॉलेज आहे, पण तुमच्यासाठी नाही. यादीतून काढून टाका आणि वाईटही वाटून घेऊ नका.

सही दोन प्रकारची असते, हा फरक मला कोणी समजावून सांगितला नव्हता. श्रद्धेच्या निवेदनावरची सही म्हणजे "मी हे मानतो" असे म्हणणे. आचरणाच्या करारावरची सही म्हणजे "इथे असेपर्यंत मी असा वागेन" असे म्हणणे. पहिली तुम्ही करू नये. दुसरीतल्या अटी दारू नाही, वसतिगृहात ठरावीक वेळेनंतर मुलामुलींनी एकमेकांच्या खोल्यांत जायचे नाही, अशा असतात आणि माळकरी घरातल्या मुलाला त्या फारशा जड जात नाहीत. माझ्या अमेरिकन मित्रांना त्या जाचक वाटत, तर माझ्या आईने त्या वाचून घेतल्यावर पहिल्यांदा सुटकेचा श्वास सोडला.

संकेतस्थळावर हे स्पष्ट नसेल, तर आंतरराष्ट्रीय प्रवेश पाहणाऱ्या अधिकाऱ्याला चार ओळींचा ईमेल लिहावा: मी हिंदू आहे, प्रवेशासाठी श्रद्धेच्या निवेदनावर सही लागते का, चॅपलची उपस्थिती सक्तीची आहे का, पाळकाऐवजी शिक्षकाचे शिफारसपत्र चालेल का, आणि माझ्या धर्मामुळे एखादी शिष्यवृत्ती मला बंद होते का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नये. काही शिष्यवृत्त्या विशिष्ट चर्चच्या सभासदांसाठीच राखीव असतात, पण गुणवत्तेवरच्या बहुतेक तशा नसतात. आलेले उत्तर जपून ठेवावे.

माझ्या अर्जात अडीचशे शब्दांत "तुमच्या जीवनातील श्रद्धेचे स्थान" लिहायचे होते. पहिल्या मसुद्यात मी येशूच्या करुणेविषयी गोडगोड वाक्ये लिहिली होती, जी दुसऱ्या दिवशी मलाच वाचवेनात. मग मी आजोबांविषयी लिहिले. ते निपाणीत तंबाखूच्या वखारीत मापाडी होते. गळ्यात माळ असल्यामुळे त्यांनी आयुष्यात तंबाखूला तोंड लावले नाही, पण दिवसभर तंबाखूच मापली. रात्री हरिपाठाला बसताना त्यांच्या धोतराला तोच उग्र वास येत असे, आणि "आपण खात नाही ते लोकांना मापून देतो, हे बरोबर की चूक" हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. एवढेच लिहिले. प्रवेशाच्या पत्रावर खाली एका अधिकाऱ्याने हाताने एक ओळ लिहिली होती की वखारीतल्या आजोबांविषयी वाचून आनंद झाला. त्या ओळीमुळे प्रवेश मिळाला असे मी म्हणणार नाही, पण आपल्या घरची श्रद्धा तिथे अडसर ठरत नाही एवढे मला कळले.

आजींच्या भीतीला मात्र हसण्यावारी नेऊ नका. मला कोणी बाटवले नाही, कोणी दबावही आणला नाही. पण अशा कॉलेजांत मनापासून ख्रिस्ती असलेली माणसे असतात, आणि तुमच्यावर जीव लावणाऱ्या मित्राला तुम्हीही ख्रिस्ताकडे यावे असे वाटते. रविवारी चर्चला येण्याचे आमंत्रण पहिल्या महिन्यात मला बहुधा दर आठवड्याला आले. दोनदा गेलो, त्यानंतर "आज नको" म्हणालो, आणि मैत्रीत काही उणे आले नाही. असे सरळ नाही म्हणता येत नसेल, त्याने मात्र मोठे सरकारी विद्यापीठ निवडावे. आमच्याकडे चॅपल ऐच्छिक होते. बायबलचे दोन विषय सक्तीचे होते आणि ते इतिहासाच्या विषयासारखे शिकवले जात. परीक्षेत काय मानता हे विचारत नसत, काय वाचले हे विचारत.

धर्मापेक्षा मला कागदांनी जास्त छळले, आणि इथे सीमाभागातल्या माणसाने आधीपासून सावध असावे. अमेरिकन कॉलेजला नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण हवे असतात. एसएसएलसी, म्हणजे दहावी, आणि दुसऱ्या पीयूसीची मार्क्स कार्डे मंडळाकडून येतात, पण नववीचे गुण फक्त शाळेच्या रजिस्टरात आणि पहिल्या पीयूसीचे कॉलेजच्या कार्यालयात असतात. शाळा मराठी माध्यमाची असेल, तर नववीचे प्रगतिपत्रक मराठीत, जन्माचा दाखला कन्नडमध्ये आणि पीयूसीचे कागद इंग्रजीत, असा तिरंगी गठ्ठा तयार होतो. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचे प्रमाणित भाषांतर मूळ प्रतीच्या सोबत लावावे. एसएसएलसी 625 गुणांची का, हेही एका ओळीत लिहून द्यावे: प्रथम भाषा 125 गुणांची आणि बाकीचे पाच विषय शंभर-शंभराचे. ही ओळ मी लिहिली नव्हती, तेव्हा "एका विषयात शंभरपैकी 117 गुण कसे" अशी विचारणा आली; तो माझा मराठीचा पेपर होता.

नावांचा घोळ वेगळाच. मार्क्स कार्डावर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर आणि पासपोर्टवर त्यांचे पूर्ण नाव. शिवाय जन्मदाखल्याच्या कन्नडवरून इंग्रजी करताना कोणीतरी आडनावाच्या शेवटी एक जादा "ए" चिकटवलेला. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्यावे लागले. जन्मस्थळाचेही तसेच. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदांत बेळगावचे बेळगावी झाले, त्यामुळे घरातल्या जुन्या आणि नव्या कागदांत शहराची दोन नावे सापडतात. नावाचा वाद आपण चावडीवर कितीही घालू, अर्जात मात्र पासपोर्टवर जे छापले आहे तेच अक्षरशः लिहावे.

शिफारसपत्र ही सर्वांत नाजूक गोष्ट. आमच्या मुख्याध्यापक सरांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या: सदर विद्यार्थी या शाळेत शिकत होता, त्याची वर्तणूक चांगली आहे. खाली गोल शिक्का. आपल्याकडे दाखला असाच असतो, त्यात सरांची चूक नव्हती; तिकडच्या वाचणाऱ्याला मात्र त्यातून काहीच कळत नाही. मी पुन्हा गेलो आणि सांगितले की सर, माझी एखादी आठवण लिहा, मराठीत लिहिली तरी चालेल. सर बराच वेळ पेनचे टोपण उघडत-लावत बसले आणि मग म्हणाले, "अरे, नववीत पावसाचे चार महिने गच्चीवरचे पर्जन्यमापक तूच पाहायचास की." दोन पाने मराठीत लिहून झाली, इंग्रजीच्या सरांनी भाषांतर केले आणि दोन्हींवर शिक्का मारून आम्ही ती पाठवली. पत्र स्वतः लिहून फक्त सही घेण्याचा मोह टाळा.

पैशांबाबत एक गोष्ट पक्की समजून घ्या: अमेरिकन सरकारची शिक्षणमदत आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही, जे काही मिळते ते कॉलेजच्या तिजोरीतून. बहुतेक कॉलेजे परदेशी अर्जदाराची ऐपत पाहूनच प्रवेश ठरवतात. ती न पाहता निर्णय घेणारी संस्था विरळा, आणि नोत्र दामने 2024 मध्ये तसे धोरण जाहीर केले. केंटकीतले बेरिया कॉलेज, 1855 मध्ये गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने स्थापन केलेले, कोणाकडूनच शिक्षणशुल्क घेत नाही. त्याबदल्यात प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावे लागते. तिथे ख्रिस्ती असण्याची अट नाही, पण जागा थोड्या आणि अर्ज जगभरातून येतात. बाकीच्या ठिकाणी पहिल्या वर्षाचा संपूर्ण खर्च दाखवल्याशिवाय व्हिसासाठी लागणारे कॉलेजचे आय-20 हे पत्र मिळत नाही, आणि त्यासाठी हाताशी असलेला पैसा लागतो. वडिलांच्या नावचा सव्वातीन एकरांचा उतारा मी मोठ्या विश्वासाने जोडला होता. त्याचा उपयोग झाला नाही. शैक्षणिक कर्जासाठीही बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, एन.ए. प्लॉट किंवा घर मागतात. आमच्याकडे काकांचा प्लॉट उपयोगी पडला. "तिथे काम करून फी निघते" असेही एजंट सांगतात. शिकत असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत आणि तेही कॉलेजच्या आवारातच काम करता येते. त्यातून वरखर्च निघतो, फी निघत नाही.

आय-20 हाती आल्यावर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे 350 डॉलर आणि व्हिसाचे 185 डॉलर भरून मुलाखतीची वेळ घ्यायची. मुंबई, चेन्नई किंवा हैदराबाद यांपैकी आपल्याला मुंबई सोयीची, कारण रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाले की सकाळी पोहोचता येते. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा वेगवेगळ्या असल्याने मुक्कामाची सोय आधी पाहा. 2025 च्या जूनपासून समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितले जाते, हेही लक्षात असू द्या. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या खिडकीवर मला धर्माविषयी काहीच विचारले नाही. हेच कॉलेज का, असे विचारले; मी अभ्यासक्रम, वर्गातली विद्यार्थिसंख्या आणि शिष्यवृत्तीची रक्कम सांगितली. पुढचा प्रश्न फी कोण भरणार हा होता.

लवकरच्या अर्जांची मुदत साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि नेहमीच्या अर्जांची जानेवारीच्या आसपास संपते. तुमची वार्षिक परीक्षा त्यानंतर येते, त्यामुळे पीयूसीचा अंतिम निकाल नंतर पाठवला तरी चालतो. नववीचे रजिस्टर मात्र दिवाळीच्या सुट्टीत कपाटात कुलूपबंद असते, म्हणून शाळेत त्याआधी जाऊन या.