जुनी मोटरबोट पुन्हा पाण्यात: वाचकांचे प्रश्न

नारळी पौर्णिमा झाली की शाकारलेल्या होड्या उघडतात आणि माझ्याकडे प्रश्नांचा ओघ सुरू होतो. आजोबांची सागवानी लाँच, गोदामात पडून राहिलेली जुनी मोटरबोट, वर्ष-दोन वर्षं खपून दुरुस्त केलेली. प्रश्न वेगवेगळे असले तरी गैरसमज एकच असतो: रंग चढला म्हणजे बोट तयार झाली. लाकडी बोट पाण्यात बसून तयार होते, तेव्हा पहिले काही दिवस तिला द्यावेच लागतात.

अमावास्येच्या उधाणाला बोट लोटायची आहे. भरती पूर्ण चढल्यावर लोटावी का? (मालवण)

नाही. पाणी चढतं असतानाच लोटा, भरती पूर्ण व्हायला तास-दीड तास असताना. काही बिनसलं, बोट रुतली, तर वाढतं पाणी तुमच्या मदतीला असतं. उधाणाच्या ऐन माथ्यावर रुतलात तर पुढच्या भरत्या उतरत्या असतात आणि तेवढं पाणी पुन्हा यायला साधारण पंधरवडा लागतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची रीत मुंबई-अलिबागकडे अंदाजापुरती ठीक आहे (पंचमीला पावणेचारच्या सुमारास), पण मालवणला तिच्या भरवशावर राहू नका. छापील कोष्टक बघा आणि तुमच्या खाडीचा तळ ओळखणाऱ्या तांडेलाला विचारा.

तळाला रंग देताना पोरांनी झिंकच्या तुकड्यांवरही रंग मारला. चालेल?

चालणार नाही, खरवडून काढा. झिंक उघडं राहिलं तरच ते स्वतः झिजून पंखा आणि शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) गंजण्यापासून वाचवतं.

२६ फुटी सागवानी लाँच दोन वर्षं शेडमध्ये होती. तळाच्या फळ्यांत रुपयाचं नाणं जाईल एवढ्या फटी पडल्यात. एक ठेकेदार म्हणतो, वरून फायबर मढवू, आयुष्यभर गळणार नाही. दुसरा म्हणतो, फटी सीलंटने गच्च भरू. पुढच्या उधाणाला बोट उतरवायची आहे. काय करू? (अलिबाग)

दोघांनाही थांबवा. मला सगळ्यात जास्त धास्ती याच कामाची वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

फळी सुकली की रुंदीत आकसते आणि भिजली की रुंदीतच फुगते. लांबीत ती जवळजवळ हलत नाही. जुन्या कारागिरांनी बोट बांधली ती हे धरूनच. सांध्यात सूत ठासायचं, त्यावर मऊ लांबी (पुट्टी) भरायची आणि उरलेलं काम फुगणाऱ्या फळीवर सोपवायचं. सुकून उघडलेली फट कडक होणाऱ्या मालाने काठोकाठ भरली, तर फळीला फुगायला जागाच उरत नाही. तो जोर मग आतल्या फासळ्यांवर आणि स्क्रूंवर येतो. फासळ्या तडकतात, स्क्रू ओढले जातात, आणि हे सगळं बोट पाण्यात असताना, तुमच्या नजरेआड घडतं.

फायबरचं तर बोलूच नका. नव्याने, त्याच हिशेबाने बांधलेल्या बोटीवर ते शोभतं. जुन्या फळ्यांच्या बोटीवर फळी हलत राहते आणि कवच हलत नाही. त्यात सागवान तेलकट, स्वस्त पॉलिएस्टर रेझिन त्याला नीट धरत नाही. कुठेतरी कवच सुटतं, पावसाचं गोडं पाणी आतून झिरपून त्या पोकळीत साचतं आणि लाकूड कुजू लागतं. बाहेरून बोट चकचकीत दिसत असते. “आयुष्यभर” म्हणणाऱ्या ठेकेदाराला एवढंच विचारा की हे तो कागदावर लिहून देईल का.

मग करायचं काय? आधी लाकडी बोटींचं काम करणाऱ्या कारागिराला तळाखाली झोपून प्रत्येक सांधा टोचायला सांगा. सूत जागेवर आहे की लोंबतंय, स्क्रूची डोकी शाबूत आहेत की गंजून भुगा झालीत, हे त्याच्या पोगराला कळतं. पठाणालगतची, म्हणजे तळाच्या कण्याशेजारची फळी दोनदा बघायला लावा. सुटलेलं सूत पुन्हा ठासून घ्या, वर मऊ लांबी, तीही काठाच्या जरा आत. मग आठवडाभर आतून ओली पोती अंथरा आणि ती सुकू देऊ नका. बोटीत पाणी भरून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मुळीच ऐकू नका. एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० किलो. एवढा भार आतून पेलायला ती बांधलेली नाही, त्यातही ती ठोकळ्यांवर उभी असताना.

उतरवल्यावर ती गळेलच. क्रेनच्या पट्ट्यांत किंवा धक्क्यालगत उथळ पाण्यात ठेवा, दोन पंप तयार ठेवा आणि त्यातला एक तरी बोटीच्या बॅटरीवर अवलंबून नसावा. रात्रीही माणूस हवा. आतल्या फासळीवर पेन्सिलीने रेघ मारा आणि पंप बंद ठेवून तासाभरात पाणी किती चढतं ते लिहून ठेवा. सांध्यांतून घाम फुटल्यासारखं पाणी येत असेल आणि दर वेळी चढ कमी होत असेल, तर फळ्या बसताहेत. एकाच जागेतून धार लागली किंवा चढ वाढत गेला, तर लगेच वर घ्या. याला एक दिवस लागेल किंवा आठवडाही. पुढचं उधाण हुकलं तर हुकू दे, त्याच्या पुढचं आहेच. आणि कारागिराने होकार दिल्याशिवाय क्रेन सांगू नका.

शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या जोडातून, पाणी थेंब थेंब पडतं. मेकॅनिक म्हणतो आवळून बंद करतो. (रत्नागिरी)

पूर्ण बंद करायचं नाही. आत वळलेल्या दोरीचं जुनं पॅकिंग असेल, तर शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत, कारण तेच पाणी ग्लँडला थंड ठेवतं. कोरडं आवळलं की पॅकिंग जळतं आणि शाफ्टवर चरे पडतात. इंजिन बंद असताना मात्र गळती जवळपास थांबायला हवी. ग्लँड हाताला कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर सैल करा. आणखी एक: शाफ्टची आणि इंजिनाची सरळ रेष जमिनीवर जुळवली असेल तर ती पाण्यात तपासून घ्या. लाकडी बोट तरंगू लागली की तिचा आकार किंचित बदलतो. फळ्या बसल्यावर कपलिंग (इंजिन आणि शाफ्टचा जोड) सोडून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, सगळीकडून फट मोजायला सांगा, आणि हे काम सागरी इंजिनं जाणणाऱ्याकडूनच करून घ्या.

१९५०च्या दशकातली महोगनीची पेट्रोल बोट घेतली आहे. मित्र म्हणतात, पूर्वी ब्लोअर (इंजिनाजवळची वाफ बाहेर फेकणारे पंखे) नव्हते तरी चालायच्याच. (मिशिगन)

पूर्वी पेटायच्याही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरते. झाकण उघडा, वास घ्या, ब्लोअर ४ मिनिटं चालवा आणि मगच किल्ली फिरवा. पेट्रोल भरल्यानंतर तर हे टाळूच नका. तुमच्याकडच्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्के इथेनॉल असतं, इथे आता २० टक्के आलंय. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, सगळ्या बदला. ब्लोअरची मोटर ठिणगी न उडणारी, बोटीसाठीचीच हवी, मोटारीतली नको. उतरवण्याआधी तिथल्या प्रमाणित बोट सर्वेक्षकाला दाखवा.

फक्त घरामागच्या खाडीतच फिरवणार आहे. तरीही नोंदणी लागते?

हो. इंजिनावर चालणाऱ्या बोटींसाठी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ मध्ये सर्वेक्षण आणि नोंदणी सांगितली आहे. बोट समुद्रात नेणार असाल तर नियम वेगळे. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आधी जा, एजंटाकडे नंतर.

उतरवण्याच्या दिवशी घरच्या दहा-बारा जणांना फेरी मारून आणू का?

त्या दिवशी कुणालाही नाही. फळ्या बसू द्या, इंजिन तपासून होऊ द्या. पहिल्या फेरीला मेकॅनिक, तुम्ही आणि अंगात लाइफ जॅकेट. सोबत दोर घेतलेली दुसरी बोट ठेवा.

डिझेल इंजिन लगेच सुरू होत नाही. स्टार्टर किती वेळ मारत राहायचा? (दापोली)

मारत राहायचाच नाही. एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असेल, तर प्रत्येक फेऱ्याला पंप मफलरमध्ये पाणी ढकलतो आणि ते बाहेर फेकायला धूर नसतो. मफलर भरला की पाणी उलटं सिलेंडरमध्ये शिरतं. दोन-तीन प्रयत्नांत पेटलं नाही तर सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी तोटी) बंद करा, मफलरमधलं पाणी काढा, डिझेलच्या लाइनमधली हवा काढा आणि मग पुन्हा बघा. इंजिन पेटताक्षणी सीकॉक उघडायला माणूस तिथेच बसवा, कारण पाण्याविना पंपातला रबरी इंपेलर मिनिटाभरात फाटू शकतो. इतकं करूनही पेटलं नाही तर सीकॉक बंदच ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा.