‘ॲव्हरेज वाढेल’ म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी स्वतःची डिझेल पिकअप चालवून मालाची भाडी करतो. ‘ॲव्हरेज वीस टक्क्यांनी वाढेल’ असं बिलावर लिहून देऊन एका दुकानदाराने मला ट्यूनिंग बॉक्स आणि डिझेलच्या पाइपवर बसवायचं चुंबक विकलं. टाकी फुल करून मोजलं तर फरक दिसला नाही. पैसे परत मागितले, तर त्याने नकार दिला. मग मी पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हा फ्रॉड माणूस आहे, कोणी घेऊ नका’ असं लिहिलं. आता वकिलामार्फत नोटीस आली आहे: पंधरा दिवसांत माफी मागा आणि भरपाई द्या, नाहीतर बदनामीचा खटला. गाडी धंद्याची असल्याने मी ग्राहक नाही आणि माझी चाचणी अशास्त्रीय आहे, असंही त्यात म्हटलं आहे. बॉक्स बसवल्यावर डॅशबोर्डवर ॲव्हरेज वाढलेलं दिसलं होतं. त्याचा मीच पाठवलेला फोटो त्यांनी पुरावा म्हणून जोडला आहे.

उत्तर: माफीनाम्यावर सही करू नका आणि पैसेही पाठवू नका. नोटीस म्हणजे खटला नव्हे. पण तिला उत्तर मात्र मुदतीत गेलं पाहिजे, कारण तुम्ही गप्प बसलात तर उद्या तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल.

या प्रकरणाचा गाभा तुमच्या चाचणीत नाही, त्यांच्या चाचणीत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २ (४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची लांबलचक यादी आहे. पुरेशी किंवा योग्य चाचणी न करताच वस्तूच्या कामगिरीची, परिणामकारकतेची किंवा टिकाऊपणाची हमी देणं हीसुद्धा त्यातली एक प्रथा. तिथेच पुढे म्हटलं आहे की, हमी चाचणीवर आधारलेली आहे असा बचाव जो घेईल, त्यानेच तो सिद्ध करायचा. म्हणजे ‘तुझी चाचणी अशास्त्रीय’ म्हणून त्यांना सुटता येणार नाही. वीस टक्के हा आकडा कुठून आला, हे त्यांनी सांगायचं आहे.

म्हणून उत्तरात थेट विचारा: ही चाचणी कोणी केली, कोणत्या इंजिनावर, किती भार ठेवून, कोणत्या पद्धतीने? अहवालाची प्रत मागा. ‘एआरएआय अप्रूव्ड’ (एआरएआय ही वाहनं आणि त्यांचे भाग तपासून प्रमाणपत्र देणारी पुण्याची संस्था) असा स्टिकर असेल, तर ते प्रमाणपत्र नेमकं कशाचं आहे तेही विचारा. एखादा सुटा भाग सुरक्षिततेच्या निकषावर उतरणं वेगळं आणि त्याने इंधन वाचणं वेगळं. माझ्या अनुभवात या प्रश्नांनंतर बऱ्याच नोटिसांचा सूर खाली येतो.

‘दोष’ या शब्दाची कायद्यातली व्याख्याही तुमच्या बाजूची आहे. कलम २ (१०) प्रमाणे विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जे सांगितलं, त्यापेक्षा वस्तू कमी पडली तर तोही दोषच. बॉक्स जळला नाही, तुटला नाही, दिवाही लागतो, असा युक्तिवाद इथे चालणार नाही.

तुम्ही ग्राहक नाही, हा त्यांचा मुद्दा मला मुळीच पटत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायदा ‘व्यापारी हेतू’ मानत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अगदी तुमचंच उदाहरण घेतलं आहे: स्वतः चालवून मालवाहतूक करण्यासाठी ट्रक घेणारा हा ग्राहक. मदतीला एक-दोन माणसं असली तरी हे बदलत नाही. मात्र गाडी पूर्णपणे दुसऱ्याच्याच हातात असेल, तर चित्र वेगळं होतं. तुमच्याकडे आणखी गाड्या असतील किंवा पगारी ड्रायव्हरच ही गाडी चालवत असेल, तर ते मला आधी सांगा.

आता त्या फोटोबद्दल. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज हे मोजमाप नसतं. गाडीच्या ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, किती डिझेल सोडायला सांगितलं, त्यावरून केलेला तो हिशेब असतो. अनेक डिझेल ट्यूनिंग बॉक्स इंधनाच्या दाबाचा सिग्नल मध्येच बदलतात. ईसीयूला दाब कमी वाटतो, ते दाब वाढवतं आणि प्रत्यक्षात हिशेबापेक्षा जास्त डिझेल आत जातं. साहजिकच स्क्रीनवरचा आकडा सुधारलेला दिसतो आणि टाकी मात्र पूर्वीसारखीच रिकामी होते. तुमचा बॉक्स याच जातीचा असेल, तर तो फोटो त्यांना मदत करणार नाही, उलट अडचणीत आणेल. उत्तरात हे लिहायचं, पण ‘बॉक्स कसा काम करतो ते लेखी कळवा’ अशा मागणीच्या रूपात. तांत्रिक विधान तुम्ही आपल्या अंगावर घेऊ नका.

तुमची चाचणी तरीही नीट हवी. उद्या तक्रार ग्राहक आयोगात गेली, तर आयोगासमोर तोंडी ‘फरक पडला नाही’ एवढं पुरत नाही. ट्रकच्या इंधन चाचणीची एसएई जे १३२१ म्हणून एक पद्धत आहे. तिचं तत्त्व सोपं आहे: बदल केलेल्या गाडीबरोबर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी बदल न केलेली दुसरी गाडीही चालवायची. वारा, गर्दी, हवामान दोघींना सारखंच लागतं. प्रयोगशाळेची अचूकता तुम्हाला गाठता येणार नाही, पण तत्त्व पाळता येईल. ओळखीच्या कोणाची त्याच मॉडेलची गाडी सोबत घ्या. आधी बॉक्स लावून, मग काढून, मग पुन्हा लावून फेऱ्या करा. शेवटची फेरी टाळू नका. बॉक्स परत लावल्यावरही आकडा हलला नाही, हेच सगळ्यात बोलकं ठरतं. पंप तोच, नोझलही तेच, टायरमधली हवा मोजलेली, भार वजनकाट्याच्या पावतीसह. प्रत्येक फेरी लांब ठेवा, कारण टाकी भरताना होणारा थोडाफार फरक छोट्या फेरीत निकालच फिरवतो. या काळात टायरचा आकार बदललात तर ओडोमीटर चुकीचं अंतर दाखवेल, तेव्हा तो बदल नको. फास्टॅगचं स्टेटमेंट जपून ठेवा. कोणत्या नाक्यावर किती वाजता होतात, हे त्यातून आपोआप सिद्ध होतं.

बॉक्स उघडू मात्र नका. वस्तूतला दोष चाचणीशिवाय कळणार नसेल, तर कलम ३८ खाली जिल्हा आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालाला सर्वसाधारणपणे ४५ दिवस असतात आणि शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. सील तुटलेला बॉक्स तिथे निरुपयोगी ठरतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून अधिक उपकरणं तपासली आणि त्यातल्या फारच थोड्यांचा काही उपयोग दिसला. तुमच्या वस्तूविरुद्धचा हा पुरावा नव्हे. पण वीस टक्क्यांचा दावा किती मोठा आहे, हे आयोगाला कळायला त्याची मदत होते.

बदनामीचा धोका खोटा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत साध्या कारावासाची तरतूद आहे. त्याच कलमात लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान आणि इतरांच्या भल्यासाठी दिलेला इशारा हे अपवादही आहेत. गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सावध करणं या अपवादांच्या जवळ येतं. अडचण फक्त ‘फ्रॉड माणूस’ या दोन शब्दांत आहे. ‘मी हा बॉक्स बसवला, असं मोजलं, फरक आढळला नाही, पैसे परत मिळाले नाहीत’ हे तुम्हाला सिद्ध करता येईल. त्या माणसाचा हेतू फसवायचाच होता, हे सिद्ध करणं फार कठीण. उत्तरात आपलं म्हणणं मोजमापापुरतंच ठेवा.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. असे बॉक्स विकणारे ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारी यंत्रणा) बंद करून देण्याचा किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) काढण्याचा सल्लाही देतात. तसं काही केलं असेल, तर उत्तर पाठवण्याआधी गाडी मूळ स्थितीत आणा आणि त्याचं बिल घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ (४) खाली परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकालाच सहा महिन्यांपर्यंत कारावास, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाच्या मानकांचा भंग कलम १९० (२) खाली वेगळा मोजला जातो. विमा कंपनी आणि गाडीच्या वॉरंटीचा प्रश्नही उभा राहतो. चाचणीसाठी बॉक्स लावून चालवायचं झालं, तर आधी त्याचे कागद मला दाखवा. या धंद्यात विकणारा नामानिराळा राहतो आणि आरसी बुकावर नाव असलेला माणूस अडकतो, याचा मला मनापासून राग येतो.

पैसे परत न मिळाल्यास जिल्हा आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दाखल करण्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. काही विक्रेते तिथेच तडजोडीला येतात. रकमेच्या परताव्यासोबत चाचणीचा खर्च आणि मनस्तापाची भरपाईही मागा.

नोटिशीचं उत्तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपा. बिलाची मूळ प्रत कोणालाही देऊ नका. तोवर ग्रुपवर नवीन काही लिहू नका आणि जुना मेसेज डिलीटही करू नका. तो इतरांच्या फोनमध्ये आहेच, आणि पुसलात तर लपवाछपवी केल्यासारखं दिसेल.