सॅटला (अमेरिकन कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १६०० पैकी १४१० मिळाले आहेत. ‘ऑप्शनल’ म्हणणाऱ्या अमेरिकन कॉलेजांना स्कोअर कळवावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते बघता येईल. मुलगी सांगलीत, राज्य मंडळ, बारावी सायन्स. ऑगस्टच्या सॅटमध्ये १४१०: गणितात ७६०, इंग्रजीत ६५० (दोन्ही ८०० पैकी). कॉम्प्युटर सायन्ससाठी सहा ठिकाणी अर्ज करायचेत. पर्ड्यू, जॉर्जिया टेक, यूसी सॅन डिएगो, इलिनॉय (अर्बाना-शॅम्पेन), यूमास ॲमहर्स्ट, आणि लागली तर लॉटरी म्हणून कोलंबिया. तुमचे सल्लागार म्हणतात, १५०० च्या खालचा स्कोअर कुठंही दाखवायचा नाही. ते ऐकावं का, आणि ऑक्टोबरला पुन्हा बसवावं का?

मी या धंद्यातली नाही. २०२३ मध्ये मुलाच्या अर्जांच्या वेळी हेच वाक्य आम्हालाही ऐकवलं गेलं होतं आणि आम्ही ते निम्मं मानलं, एवढाच माझा अनुभव. त्याला १४४० होते.

पहिली गोष्ट म्हणजे हा निर्णय तुम्हाला सहा ठिकाणी घ्यायचाच नाहीये. पर्ड्यू आणि जॉर्जिया टेकला स्कोअर सक्तीचा आहे, तिथं लपवायची सोय नाही. सॅन डिएगोचं उलटं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कुठल्याच कॅम्पसवर प्रवेशासाठी सॅट बघत नाहीत, १६०० असले तरी नाही. म्हणजे उरली तीन कॉलेजं. सल्लागारांनी एवढं तरी वेगळं करून सांगायला हवं होतं. १५०० हा आकडा कुठून आला असं मी आमच्या सल्लागारांना विचारलं तेव्हा उत्तर मिळालं होतं, “मॅडम, सगळे तेच सांगतात.”

आता ‘ऑप्शनल’ या शब्दाबद्दल, म्हणजे स्कोअर द्यायचा की नाही हे अर्जदारावर सोडणं. ही सवलत जुनी आहे, बोडन कॉलेजनं ती १९६९ पासून दिलेली आहे. पण खरी लाट आली २०२० मध्ये, करोनात परीक्षा केंद्रंच बंद पडली तेव्हा. मग हळूहळू एकेकानं पाऊल मागं घेतलं. एमआयटीनं मार्च २०२२ मध्ये सॅट पुन्हा सक्तीची केली, डार्टमथनं फेब्रुवारी २०२४ मध्ये, हार्वर्ड आणि कॅलटेकनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये. कोलंबिया अजून ऑप्शनलच आहे. नियम दरवर्षी हलतात, म्हणून मैत्रिणीच्या मुलाचा गेल्या वर्षीचा अनुभव धरून चालू नका. त्या त्या कॉलेजच्या प्रवेशाच्या पानावर २०२६ की २०२७ च्या प्रवेशाबद्दल लिहिलंय ते वाचा.

यातलं डार्टमथचं प्रकरण तुमच्या कामाचं आहे. तिथल्याच प्राध्यापकांनी आधीच्या अर्जांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की साध्या घरातली, साध्या शाळांतली बरीच मुलं १४०० च्या आसपासचा स्कोअर ‘कमी आहे’ म्हणून लपवत होती, आणि तो पाठवला असता तर त्यांचा फायदाच झाला असता. कारण वाचणारा माणूस नुसता आकडा बघत नाही, ज्या शाळेतून तो आला त्या शाळेच्या शेजारी ठेवून बघतो. हे अमेरिकेतल्या मुलांबद्दल आहे हे खरं. परदेशी अर्जदारांची, त्यातही भारतातून कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्यांची गर्दी वेगळी, तिथं ७६० गणित बघून कोणी भुवया उंचावत नाही. तरी मुद्दा उरतोच: स्कोअरची जागा रिकामी ठेवली की ती रिकामी राहत नाही, वाचणारा तिथं स्वतःचा अंदाज भरतो. आणि तो अंदाज बाकीच्या फाइलवरून बांधतो.

तर आपल्या राज्य मंडळाच्या मुलाची फाइल त्यांच्या टेबलावर कशी दिसते ते बघा. त्यांना नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण सलग हवे असतात. आपल्याकडं नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे कागद दोन ठिकाणांहून गोळा करायचे. दहावीचे गुण बेस्ट ऑफ फाइव्हचे, त्यात एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे किंवा खेळाचे वाढीव गुण मिळालेले. ९४ टक्के म्हणजे नक्की काय, हे तिकडच्या माणसानं कसं ओळखावं? अकरावीचे गुण कॉलेजच्या हातातले. आमचा मुलगा तर ‘इंटिग्रेटेड’ला होता. हजेरी कॉलेजची, मुलगा क्लासमध्ये. अकरावीच्या गुणपत्रिकेवर सगळ्या विषयांना गोल गोल आकडे होते, ते बघून माझाच विश्वास बसला नसता. आणि बारावीचा बोर्डाचा निकाल मे महिन्यात. तोवर तिकडचे निर्णय मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला लागून गेलेले असतात.

तिकडच्या शाळांत काउन्सेलर नावाचा माणूस असतो, तो मुलाबद्दल पानभर लिहितो. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात मी ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र कागद) मागितली तर क्लार्क म्हणाले, “म्हणजे टीसी का? ॲडमिशन काढून घेताय?” शेवटी प्राचार्यांच्या सहीचं तीन ओळींचं पत्र मिळालं, ‘विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे.’ एवढ्यावर त्या माणसानं काय ठरवायचं?

अशा फाइलमध्ये सॅट हा एकच आकडा असा असतो जो बोस्टनच्या मुलाचा आणि सांगलीच्या मुलीचा एकाच फूटपट्टीनं मोजलेला आहे. मुंबईच्या आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळेतल्या मुलाकडं आयबीचे अंदाजित गुण असतात, काहींकडं एपीचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे, असतात. त्यांनी सॅट लपवली तरी बाहेरचा पुरावा शिल्लक राहतो. तुमच्या मुलीनं एपी कॅल्क्युलस दिली असेल, ऑलिंपियाडच्या पहिल्या फेरीच्या पुढं गेली असेल, तर गोष्ट वेगळी. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी ‘नाही’ असं धरून चालते.

म्हणून माझा कल पाठवण्याकडं. पण डोळे मिटून नाही. प्रत्येक कॉलेजच्या नावापुढं ‘कॉमन डेटा सेट’ असं टाकून शोधा. त्यात सी-९ नावाचा भाग असतो. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्के मुलांनी सॅटचे गुण कळवले आणि त्यातल्या मधल्या निम्म्या मुलांचे गुण कुठून कुठपर्यंत, ते तिथं छापलेलं असतं. हा पट्टा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ऑप्शनल झाल्यापासून कमी गुणवाले पाठवतच नाहीत, त्यामुळं पट्टा आपोआप वर सरकलाय. २०१९ च्या पट्ट्याशी तुलना करून घाबरू नका. आणि तो सगळ्या विद्यापीठाचा असतो. त्यात इतिहासवाले, संगीतवाले, फुटबॉलवाले सगळे आले. कॉम्प्युटर सायन्सचा वेगळा छापत असतील तर तोच बघायचा.

तुमची तीन कॉलेजं. यूमास ॲमहर्स्ट: विद्यापीठाच्या एकंदर पट्ट्यात १४१० व्यवस्थित बसतो, कॉम्प्युटर सायन्सला जरा खालच्या बाजूला. पाठवा. कोलंबिया: तिथं स्कोअर देणाऱ्यांत खालच्या बाजूचे सुद्धा १५०० च्या आसपास असतात. इथं तुमचे सल्लागार बरोबर आहेत, पाठवू नका. (शिवाय परदेशी विद्यार्थ्याला आर्थिक मदत हवी असेल तर तिथं ती गरज प्रवेशाच्या निर्णयातच धरली जाते. लॉटरीचं तिकीट महाग पडतं.) इलिनॉय: अडचणीचं. विद्यापीठाचा एकूण पट्टा एक आणि त्यांच्या कॉम्प्युटर सायन्सचा बराच वरचा. आजच्या १४१० वर मी तिथं गप्प बसेन, ऑक्टोबरला इंग्रजी वर गेलं तर पाठवेन.

आमचं काय झालं ते सांगायला हवं. सल्लागारांचं म्हणणं मोडायचा धीर झाला नाही आणि पूर्ण मानवतही नव्हतं, म्हणून दहापैकी सहा ठिकाणी १४४० कळवले आणि चार ठिकाणी लपवले. सहापैकी चार ठिकाणी होकार आला, चारपैकी एका ठिकाणी. यावरून काही सिद्ध होत नाही, लपवलेली चारही कॉलेजं मुळात अवघड होती. मात्र त्या चारांतल्या एकाचा पट्टा मी नंतर, एप्रिलमध्ये, सावकाश बसून पाहिला आणि १४४० त्याच्या बरोबर मधोमध होता. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

पाठवायचं-लपवायचं ठरलं की पुढची घाण अर्जात होते. कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट) परीक्षांचा भाग सगळ्या कॉलेजांना मिळून एकच आहे. यूमाससाठी तिथं १४१० भरलेत आणि कोलंबियाच्या प्रश्नांत ‘स्कोअर विचारात घेऊ नका’ म्हटलंत, तर कोलंबियाचा अर्ज पाठवण्याआधी त्या भागातून आकडा काढा. आधी पाठवलेले अर्ज त्यानं बदलत नाहीत. शिफारसपत्र लिहिणाऱ्या सरांनाही सांगून ठेवा. आमच्या फिजिक्सच्या सरांनी कौतुकानं पत्राच्या दुसऱ्याच ओळीत ‘सॅटमध्ये १४४० मिळवणारा’ असं लिहिलं होतं. नशिबानं त्यांनी आधी दाखवलं. अधिकृत स्कोअर पाठवायची फी लगेच भरू नका. बरीच कॉलेजं अर्जात स्वतः भरलेला आकडा धरतात आणि अधिकृत कागद प्रवेश पक्का झाल्यावर मागतात. कोण काय मागतं ते एकदा तपासून घ्या.

आता ऑक्टोबर. हो, बसवा, केंद्र मिळत असेल तर. आपल्याकडं ती लवकर भरतात, कोल्हापूर-पुणे दोन्ही बघा. जॉर्जिया टेकसारखी बरीच कॉलेजं वेगवेगळ्या तारखांमधला प्रत्येक भागाचा वरचा गुण जोडून घेतात, त्यामुळं गणिताचे ७६० कुठं जात नाहीत. गणिताला हातसुद्धा लावू नका. पर्ड्यू, जॉर्जिया टेक, इलिनॉय तिघांचीही लवकरची मुदत १ नोव्हेंबरच्या आसपास असते आणि सॅटचा निकाल साधारण दोन आठवड्यांनी येतो, एवढं वेळेचं गणित जमवून नोंदणी करा.

इंग्रजीत ५४ प्रश्न ६४ मिनिटांत, दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात कसं केलं यावर दुसरा टप्पा सोपा येणार की कठीण ते ठरतं, आणि सोपा आला की वरचे गुण हाती लागतच नाहीत. म्हणून तिला घाई पहिल्या टप्प्यात करू देऊ नका. पाच आठवड्यांत उताऱ्यांचं आकलन फारसं वाढत नाही. पण जवळपास पाव प्रश्न व्याकरणाचे आणि विरामचिन्हांचे असतात. आपल्या मुलांना काळ आणि प्रयोग पाठ असतात, स्वल्पविराम कुठं आणि अर्धविराम कुठं हे मात्र शाळेत कोणी शिकवलेलं नसतं. माझ्या मुलाचे दुसऱ्या वेळी वाढलेले चाळीस गुण जवळजवळ सगळे तिथलेच होते. सॅटच्याच ब्लूबुक ॲपमध्ये फुकटच्या सराव परीक्षा आहेत. एक पूर्ण सोडवून घ्या आणि चुकलेल्या प्रश्नांत विरामचिन्हांचे किती निघतात ते मोजा. पाच-सहा निघाले, तर ऑक्टोबरची फी भरायला हरकत नाही.