मिलेच्या त्या मेंढपाळ मुलीच्या चित्रात एवढं भारी काय आहे?

तुम्ही विचारलंय की फ्रेंच चित्रकार मिलेच्या या चित्रात काही घडतच नाही, एक पोरगी उभी आहे आणि मागे मेंढरं, मग एवढं कौतुक कशाला? मलाही फोनवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा सेम असंच वाटलं होतं, बाजूला सारलं होतं सरळ.

पण झूम करून तिचे हात बघा. ती विणतेय हो! मेंढरं चरतायत तोवर हात रिकामे कशाला ठेवायचे, म्हणून मान खाली घालून आपलं काम चालू, आपल्याकडे बघत नाही की पोझ देत नाही. याच्या शंभरेक वर्षं आधी फ्रान्समध्येच बुशेसारखे चित्रकार मेंढपाळणी काढायचे त्या रेशमी कपड्यात, गाल गुलाबी, जणू मेंढरं राखायला नाही तर नटून सहलीला आल्यात. मिले (पूर्ण नाव झाँ-फ्रान्स्वा मिले, 1814 ते 1875) स्वतः नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याच्या घरचा, लहानपणी शेतात राबलेला, त्यामुळे त्याची पोरगी जाडी लोकरी शाल अंगावर घेते आणि डोक्याला लाल टोपडं. तो 1849 मध्ये पॅरिस सोडून बार्बिझाँ गावात राहायला गेला तो शेवटपर्यंत तिथेच, तिथलंच हे सपाट माळरान. जमीन आडवी, कळप आडवा, आभाळ आडवं आणि त्यात उभी काय ती ही एकटी, म्हणून नजर फिरून फिरून तिच्यावरच येते, बाकी रचनेत फार काही करामत नाही.

गंमत म्हणजे 1863 च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, त्याने कुदळीवर वाकलेला थकलेला शेतमजूर दाखवला तर लोकांनी जाम शिव्या घातल्या आणि पुढच्याच वर्षी ही पोरगी लावली तर सगळे खूश. मला वाटतं तो मजूर बघून पॅरिसवाल्यांना टोचत होतं, ही टोचत नाही. तेवढा गोडवा या चित्रात आहे हे मी मान्य करतो, म्हणून मिलेचं सगळ्यात धाडसी चित्र मी याला म्हणणार नाही.

मूळ चित्र पॅरिसला ओर्से म्युझियममध्ये आहे, साधारण 81 बाय 101 सेंटीमीटर, म्हणजे फार मोठं नाही. परत बघाल तेव्हा उजवीकडचा काळा कुत्रा चुकवू नका, बाई विणण्यात गुंग आहेत, कळपावर लक्ष त्याचंच आहे.