मेळघाटात अस्वल समोर आलं तर मेल्याचं सोंग घ्यावं का?

तुम्ही मुंबईहून पहिल्यांदाच मेळघाटला निघालाय. तिथले लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात हे खरं का, आणि शाळेतल्या गोष्टीतलं मेल्याचं सोंग चालतं का, असे तुमचे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर, हो. आणि त्यांची भीती रास्त आहे.

मी बोरिवलीत नॅशनल पार्कच्या कडेला राहतो. बिबट्या आमच्या आसपास असतो, पण माणसाची चाहूल त्याला आधी लागते आणि तो बाजूला होतो. बिबट्याचा हा हिशोब अस्वलाला लावू नका. अडचण अशी की तुम्ही आलात हेच त्याला कळत नाही.

आपल्याकडच्या अस्वलाचं मुख्य खाणं म्हणजे वाळवी आणि मुंग्या. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. १० सेंटीमीटरपर्यंत वाढणाऱ्या नखांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि ओठ पुढे काढून दातांच्या फटीतून वाळवी ओढायची. बशीतला चहा भुरके मारत प्यावा तसा आवाज येतो, पण शंभरेक मीटरवर ऐकू जाईल एवढा! वारुळात तोंड खुपसलेल्या त्या जनावराला तुमची पावलं कुठून ऐकू येणार? नाक तिखट असलं तरी नजर अधू. वारा उलटा असला की तुम्ही अगदी जवळ जाईपर्यंत त्याला पत्ता नसतो.

मग ते दचकतं आणि थेट अंगावर येतं. मधासाठी झाडावर चढेल, पण जीव वाचवायला चढून उपयोग नाही. बिबट्याही चढतोच की. वाघाच्या जंगलात राहायचं तर अंगावर जाणं हाच उपाय त्याच्याकडे उरतो. घाव बहुधा डोक्या-चेहऱ्यावर बसतो. अस्वल गुदगुल्या करून मारतं, ही आजीच्या काळची थाप.

मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पहाटे गळतात. गावातल्या बायका टोपल्या घेऊन झुंजुमुंजूला निघतात आणि अस्वलही त्याच झाडाखाली आलेलं असतं. त्या दिवसांत गाठ पडते ती अशी.

आपलं अस्वल थंडीभर झोपून राहत नाही. मादी मात्र बहुतेकदा डिसेंबर-जानेवारीत गुहेत विते. दोनेक महिन्यांनी बाहेर पडते तेव्हा पिल्लं तिच्या पाठीवर, लांब केसांना धरून बसलेली. हे दृश्य दिसलं तर फोटोचा मोह सोडा आणि तिच्यावरची नजर न काढता हळूहळू मागे सरा. धावू नका, ते तुमच्यापेक्षा जोरात धावतं.

आता सोंग. अस्वल तुम्हाला खायला आलेलं नसतं, त्यामुळे तुम्ही जिवंत की मेलेले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण ते अंगावर आलंच, तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान आणि डोकं झाकायचं, म्हणजे चेहरा वाचतो. मुळात तिथवर वेळच येऊ देऊ नका. जिप्सीत गप्प बसा, पण पायी असाल तेव्हा मोठ्याने बोलत चला, काठी आपटा आणि स्थानिक गाईडला सोडून पुढे जाऊ नका.