ख्रिस्ती लोक 'आम्ही आशीर्वादित आहोत' म्हणतात, म्हणजे नेमकं काय?

तुम्ही विचारलंय की मैत्रिणीने फ्लॅट घेतल्यावर 'देवाने आम्हाला आशीर्वादित केलं' असं स्टेटस ठेवलं, मग ज्याला फ्लॅट परवडत नाही त्याच्यावर देवाची खप्पामर्जी आहे का? नाही. पण प्रश्न रास्त आहे, आमच्यातच पुष्कळांचा इथे घोळ होतो. (मी नगर जिल्ह्यातल्या प्रोटेस्टंट घरातला, त्या हिशोबाने वाचा.)

मराठी बायबल वाचणाऱ्यांची एक सोय आहे. आपल्याकडे शब्द दोन आहेत, 'आशीर्वादित' आणि 'धन्य'. मूळ हिब्रूतही 'बारूख' वेगळा, 'अश्रे' वेगळा. आशीर्वाद कोणीतरी देतं, तो मागता येतो. धन्य हे दुसऱ्याकडे पाहून म्हणायचं असतं.

आशीर्वादात संसारातल्या वस्तू येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात पीक आहे, गुरं आहेत, अगदी पीठ मळायचं भांडंसुद्धा आहे. त्यामुळे फ्लॅटबद्दल देवाचे आभार मानले तर बिघडलं कुठे? फक्त अब्राहामाला आशीर्वाद मिळाला तो त्याच्यामुळे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांचं भलं व्हावं म्हणून, हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

'धन्य'ची गोष्ट निराळी. मत्तयाने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, म्हणजे शुभवर्तमानाच्या, ५व्या अध्यायात येशू धन्य म्हणतो ते आत्म्याने दीन असलेल्यांना, शोक करणाऱ्यांना, नीतीसाठी छळ सोसणाऱ्यांना. लूकच्या शुभवर्तमानात तर तो आढेवेढे न घेता गरिबांनाच धन्य म्हणतो आणि चार ओळींनंतर श्रीमंतांची खरडपट्टी काढतो. गरिबी चांगली, असं त्यात कुठेही नाही. देवाचं राज्य त्यांचं आहे, म्हणून ते धन्य. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले. रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, १६२७ मध्ये त्यांना 'धन्य' ठरवलं (ही संतपदाच्या आधीची पायरी), संतपद १८६२ मध्ये. फ्लॅटच्या हिशोबाने या माणसाच्या पदरात काय पडलं होतं?

आमच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा बाहेरगावचे एक प्रचारक भेटायला आले होते. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "घरात कुठेतरी पाप लपलंय, नाहीतर आशीर्वाद अडला नसता." आई काही बोलली नाही. ते दारात चपला घालत होते तेवढ्यात तिने योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला आणि बाबांना वाचून दाखवायला लागली, रोजच्यापेक्षा बऱ्याच मोठ्याने. त्यात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. चपला घालायला त्यांना जरा वेळच लागला. बाबांचं अर्धं तोंड हलत नव्हतं, उरलेल्या अर्ध्याने ते हसले.

तेव्हा मैत्रिणीचं मनापासून अभिनंदन करा, वास्तूला जा. तिच्या त्या वाक्यात बहुधा 'हे माझ्या एकटीच्या कर्तबगारीचं नाही' एवढंच असेल. आणि पुढेमागे तिच्या घरी मयतीला जायची वेळ आली, तर कान देऊन ऐका. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरण १४ मधलं, 'प्रभूमध्ये मरणारे धन्य' हे वचन आम्ही कबरीपाशी वाचतो.