किरा नाइटलीसारखं व्हायचंय, पण आधी साडेचारशे पौंड?

प्रश्न : आम्ही मूळचे कोल्हापूरचे, सध्या इंग्लंडमध्ये स्लावला राहतो. मुलगी ११ वर्षांची आहे. ब्रिटिश अभिनेत्री किरा नाइटलीला लहानपणीच एजंट मिळाला, मग मलाही हवा, असा तिचा हट्ट. एका एजन्सीने तिची निवड केली, पण फोटो आणि नोंदणीचे ४५० पौंड आधी मागितलेत. भरावेत का? आणि शाळेचं काय?
– एक आई

उत्तर : ताई, पैसे भरू नका. खरा एजंट काम मिळालं की मानधनातून कमिशन कापतो. मुलांच्या बाबतीत साधारण १५ ते २० टक्के. कलाकारांच्या सूचीत नाव घालण्याचं शुल्क घ्यायला कायद्याने मुभा आहे, पण करारानंतर ३० दिवस तेही घेता येत नाही आणि तेवढ्यात तुम्ही माघार घेऊ शकता. ‘आजच भरा, दोनच जागा उरल्यात’ म्हणणाऱ्याचा धंदा फोटो विकण्याचा असतो. या वयात चेहरा भराभर बदलतो, महागडे फोटो वर्षभरही टिकत नाहीत. खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय, फोनवर काढलेले दोन पुरेत : एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उंचीचा.

आता किराबद्दल. तिचे वडील नट, आई नाटककार, घरातच रंगभूमी. तरी तीन वर्षांची असताना मागितलेला एजंट तिला सहाव्या वर्षी मिळाला. त्याच सुमारास डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात येणारी अडचण) असल्याचं कळलं होतं, म्हणून आईने अट घातली : सुट्टीत रोज हातात पुस्तक घेऊन, हसत वाचायला बसायचं. काम करायचं तेही सुट्टीतच. पुढे टीव्हीवर बारीकसारीक भूमिका. बाराव्या वर्षी ‘स्टार वॉर्स’चं चित्रीकरण केलं, तेही राणीच्या तोतयाची भूमिका, जाड मेकअपखाली. लोकांनी ओळखलं ते २००२ मध्ये, ‘बेंड इट लाइक बेकहम’मुळे. म्हणजे एजंट मिळाल्यावर सुमारे अकरा वर्षांनी! हा हिशेब लेकीला नक्की सांगा.

शाळेची काळजी कायदाच बऱ्यापैकी घेतो. काम मिळालं की निर्माता तुमच्या काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, परवान्याचा अर्ज करतो. मुख्याध्यापकांचं पत्र लागतं, अर्ज किमान २१ दिवस आधी जायला हवा. घोळ बहुधा इथेच होतो : होकार उशिरा येतो आणि शाळेचं पत्र सुट्टीत अडकतं. तेव्हा शाळेशी आत्ताच बोलून ठेवा. तिच्या वयाला सेटवर जास्तीत जास्त साडेनऊ तास थांबता येतं, त्यात प्रत्यक्ष काम पाच तास. शाळेचा दिवस बुडाला तर रोज सरासरी तीन तास शिकवणी. सोबतीला काउन्सिलमान्य शॅपरोन, म्हणजे मुलांची काळजी घेणारी व्यक्ती, असते. आपल्या मुलीसोबत तुम्हालाही थांबता येतं, त्यासाठी वेगळी मान्यता लागत नाही.

भूमिकेसाठी पहिली चाळणी बहुतेक वेळा सेल्फ-टेपची, म्हणजे घरीच अभिनय करून पाठवलेल्या व्हिडिओची. फोन आडवा, स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला. मागे साधी भिंत, छातीपासून वर चौकट. खिडकी तिच्या समोर हवी. पाठीमागे असली तर चेहरा काळा पडतो. समोरचे संवाद वाचणाऱ्याने लेन्सला चिकटून उभं राहावं आणि हळू वाचावं. आयांचा आवाज फोनजवळ असल्याने लेकीच्या आवाजावर चढतो, टेपा तिथेच पडतात. संवाद पाठ हवेत, पण हातवारे बसवून देऊ नका. स्नेहसंमेलनातला अभिनय कॅमेऱ्यात फार मोठा दिसतो.